चाल बघणारे डॉक्टर

तुम्ही दोघं परत जायला निघता आणि विमानतळाच्या दारातून आत शिरता, तेव्हा बाकीचे लोक हात हलवत असतात आणि मी तुमच्या पायांकडे बघत असते. मागच्या वेळी दारात निरोप घेताना तुमची आई म्हणालीसुद्धा, "आई, मुलं वळून बघतायत आणि तुम्ही खाली काय शोधताय?" मी म्हटलं, धाकट्याचा डावा बूट बाहेरच्या बाजूने जास्त झिजलाय. ती हसली. पण ही सवय मुळात माझी नाही. ती मला एका माणसाने लावली. तो माणूस तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले. फोनवर सांगायला लागले की नेमकी तुमची शाळेची बस येते.

घशाने त्रास द्यायला सुरुवात केल्यावर मी शाळेत इंग्रजी शिकवणं सोडलं. घरी बसवेना. तेव्हा कोणीतरी सांगितलं की रविवार कारंज्याच्या चौकाजवळ एक डॉक्टर आहेत, त्यांना दवाखाना सांभाळायला शिस्तीचं माणूस हवं आहे. ते फक्त लहान मुलांची हाडं आणि सांधे बघत. मी भेटायला गेले तर डॉक्टर दाराबाहेर उकिडवे बसून एक छोटी चप्पल उलटी करून बघत होते. मला वाटलं, चांभार असावा. मी विचारलं, "डॉक्टर आत आहेत का?" ते म्हणाले, "नाही, बाहेर आहेत. तुमची चप्पल जरा काढा." माझी चप्पल उलटी करून त्यांनी टाच बघितली आणि म्हणाले, "तुम्ही पाय आपटत चालता. शिक्षिका होता?"

नोकरी लागली. त्या दिवसापासून ते मला 'बाई' म्हणायला लागले आणि शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिले.

चपलांबद्दल त्यांचा एक नियम होता. "आधी चप्पल बोलते, मग आई बोलते, मग एक्स-रे बोलतो. मूल सगळ्यात शेवटी बोलतं, आणि तेच खरं बोलतं." म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची चप्पल माझ्या टेबलावर यायची. मी कागदपत्रं एका रेषेत लावून ठेवायची आणि त्यावर हे शेणामातीचे बूट! मी तक्रार केली तर म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत निबंध तपासायचात ना? हा निबंधच आहे. फक्त पायाने लिहिलाय."

दवाखान्यात तपासायचं उंच टेबल होतं, पण त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत. डॉक्टर मुलांना जमिनीवर, सतरंजीवर तपासत. स्वतःही खाली बसत. पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. उंच, किंचित वाकलेले, बुशशर्टाचा खिसा कायम कशाने तरी फुगलेला. मुलाला हात लावायच्या आधी ते त्याला लांबपर्यंत चालवत आणि स्वतः पाठीमागून बघत. आईबाप पुढे जाऊन 'ये ये' करायला लागले की ओरडत, "चेहरा नका दाखवू त्याला, तो तुमच्यासाठी नीट चालेल! मला त्याचं चुकीचं चालणं पाहिजे."

आणि बहुतेक वेळा ते काहीच करत नसत. ही गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त खटकायची. सपाट तळवे, धनुष्यासारखे वाकलेले पाय, एकमेकांवर घासणारे गुडघे घेऊन माणसं कुठून कुठून येत. डॉक्टर चाल बघत, सांधे हलवून बघत आणि कागदावर औषध लिहीत: 'वाढदिवस. वर्षातून एकदा.'

नांदगावच्या एक बाई फार चिडल्या होत्या. "पहाटेची गाडी पकडून आलो आम्ही डॉक्टर, आणि नुसता वाढदिवस?"

"मग केक मोठा आणा."

"निदान ते खास बूट तरी लिहून द्या!"

"ते बूट कोणाला लागतात माहितीये? दुकानदाराला. पोराला मातीत अनवाणी सोडा."

अंबडच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ तर मुलाच्या दोन घोट्यांमधलं अंतर कॅलिपरने मोजून आले होते. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुमचा पार्ट एकदा बनला की बनला. हा अजून बनतोय. मधेच काय मोजताय?"

"आणि नाही झाले सरळ?"

"तर शाळेत जायला लागल्यावर परत आणा. मी इथेच असेन. तोवर माझे गुडघे वाकतील आणि त्याचे सरळ होतील."

गृहस्थ हसले नाहीत. पण खरंच पुढे एकदा पेढे घेऊन आले आणि डॉक्टरांचे गुडघे कसे आहेत ते विचारून गेले.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र डॉक्टर एकदम वेगळे व्हायचे. मांडीचं हाड कमरेत जिथे बसतं, त्या खुब्याचा गोळा काही बाळांमध्ये खोबणीत नीट बसलेला नसतो. सुरुवातीला कळलं तर नुसत्या पट्ट्यांनी पाय फाकवून ठेवले तरी काम होतं. उशिरा कळलं तर सगळंच अवघड. हे तपासताना डॉक्टरांना पूर्ण शांतता लागायची. ते कोमट पाण्यात हात धरून गरम करत, पंखा बंद करायला लावत, आजीला बोलायचं थांबवत. शेजारी उसाच्या रसाचं दुकान होतं, त्याच्या चरकाला घुंगरू बांधलेले. ते थांबवायला मला जावं लागायचं. रसवाला मला लांबून बघूनच म्हणायचा, "आलं का बाळ?" आणि चरक थांबवायचा. गिऱ्हाईकं पेले हातात धरून ताटकळत.

मी एकदा विचारलं, "डॉक्टर, ते तर बोटांना जाणवतं ना? मग आवाज झाला तर काय बिघडलं?"

"बाई, बोटांनाच ऐकू येतं. त्यांच्या कानाशी घुंगरू कशाला?"

बाळांना दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधायची आपली पद्धत त्यांना बिलकूल मान्य नव्हती. "वर हवं तेवढं गुंडाळा, पण कमरेखाली त्याला बेडूक होऊ द्या," असं ते प्रत्येक आजीला सांगत. आज्या ऐकत नसत. मग ते दुपटं सोडून स्वतः बांधून दाखवत, आणि ते इतकं सुंदर बांधत की आज्या गप्प होत. तुमच्या आईला मी तुमच्या वेळी तसंच बांधायला शिकवलं होतं. ती म्हणाली होती, आमच्या नर्सनेही हेच सांगितलं. मला डॉक्टरांसाठी उगाच अभिमान वाटला.

डॉक्टर आता नाहीत. दवाखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. रसवाला आहे.

संक्रांतीनंतर त्यांच्या अंगात येई. त्या दिवसांत घरोघरी बोरन्हाण असतं. तुम्हाला तुमच्या बोरन्हाणाचे फोटो दाखवले आहेत: काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या. गल्लीतली सगळी मुलं ते वेचायला तुटून पडतात. डॉक्टरांचं म्हणणं, "रांगणारी, धावणारी, वाकणारी, उकिडवी बसणारी वीस मुलं एकाच खोलीत! आणि एकही रडत नाही, एकाचंही लक्ष माझ्याकडे नाही. मला असा दवाखाना कोण देणार?" पण तो बायकांचा कार्यक्रम. पुरुष एकटा कसा जाणार? म्हणून मला सोबत न्यायचे. माझ्या ओळखीपाळखीच्या प्रत्येक घरी आम्ही गेलो. बायका पदर तोंडाला लावून हसत, त्यांना तिळगूळ देत. एकीने गमतीने वाणसुद्धा दिलं, प्लॅस्टिकची साबणदाणी. ती त्यांनी टेबलावर मानाने ठेवली आणि तीत पेनं ठेवायला लागले.

एका वर्षी पंचवटीत माझ्या नणंदेच्या नातवाचं बोरन्हाण होतं. गल्ली अरुंद, खोली लहान, आणि मुलं मावत नव्हती. बोरं ओतली गेली, एकच झुंबड उडाली. डॉक्टर भिंतीला टेकून तिळगूळ खात होते. मधेच त्यांचा हात थांबला.

दोन वर्षांची असेल, एक मुलगी ओंजळीत बोरं धरून दाराकडे निघाली होती. प्रत्येक पावलाला ती एका बाजूला झुकायची आणि परत वर यायची.

"ही कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी हाय," दारातली एक म्हातारी म्हणाली. भाजीबाजारात हातगाडीवर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या या आजींना गल्लीतले सगळे ओळखत. "नात माझी. आमी तिला होडी म्हणतो. लय लाडात चालते. ए छकू, चालून दाव डाक्टरला!"

छकू चालली. झुकत, वर येत, अगदी पाण्यावरच्या होडीसारखी. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, पण उशिरा.

मला वाटलं, आता ते बोलणार. त्यांनी माझ्या नणंदेकडे एक ताट मागितलं. "चला रे, ताटाचा खेळ!" चार-पाच मुलांना त्यांनी फरशीवर उताणं झोपवलं. गुडघे वर घ्यायचे, टाचा जुळवून जमिनीवर टेकवायच्या. मग एकेकाच्या दोन गुडघ्यांवर ताट ठेवायचं आणि ताटात मधोमध एक बोर. ज्याचं बोर पडणार नाही तो जिंकला. मुलं श्वास रोखून पडली. बोर ताटात राहिलं. दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही राहिलं. छकूच्या गुडघ्यांवर ताट ठेवलं आणि बोर घरंगळत डाव्या बाजूने खाली गेलं.

"परत! परत!" मुलं ओरडली.

परत डावीकडेच गेलं.

"ताट वाकडं हाय," आजी म्हणाल्या. त्यांनी आतून दुसरं ताट आणलं. बोर डावीकडे गेलं.

"फरशीला उतार हाय मग."

"असेल," डॉक्टर म्हणाले. "फिरवा तिला."

आजींनी नातीला उचललं आणि डोक्याच्या जागी पाय करून झोपवलं. स्वतःच्या हाताने ताट ठेवलं, स्वतःच बोर ठेवलं. बोर पुन्हा छकूच्या डाव्या गुडघ्यावरून खाली गेलं. छकूला ही फार मोठी गंमत वाटली, ती खदखदून हसायला लागली. खोलीत दुसरं कोणी हसत नव्हतं.

छकूची आई कोपऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "एका पायातलं पैंजण जास्त वाजतं तिचं. मला वाटायचं, पण..."

"तू गप," आजी म्हणाल्या.

मग डॉक्टर आजींसमोर फरशीवर बसले. डावा पाय आखूड नाही, पण खुब्याचा गोळा खोबणीच्या बाहेर वर सरकलाय, म्हणून गुडघा खाली राहतो, असं त्यांनी सांगितलं. आता या वयात पट्ट्यांनी भागणार नाही. ऑपरेशन करून गोळा जागेवर बसवावा लागेल.

"चालती पोर कापायची?" आजी म्हणाल्या. "पडत नाय, रडत नाय, दुखत नाय तिचं. समद्या गल्लीत फिरती."

"आजी, तुमच्या हातगाडीचं चाक आसावरून निसटलं तर गाडी चालते का?"

"ओढली तर चालती."

"कशी?"

"घासत."

"मग चाक बसवता कधी? आधी, का भाजी भरल्यावर?"

आजी उठल्या. नातीला कडेवर घेतलं आणि निघून गेल्या. 

काही दिवसांनी आजी दवाखान्यात आल्या. माझ्या नीट लावलेल्या टेबलावर त्यांनी मेथीच्या दोन ओल्या जुड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "आधी फोटो काढा. मंग बघू." एक्स-रे आला तो डॉक्टरांनी त्यांच्याच हातात दिला आणि खिडकीशी धरायला सांगितलं.

"मला वाचता नाय येत."

"वाचायचं नाहीच. इकडचं आणि तिकडचं सारखं आहे का तेवढं बघा."

आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो गोळा घराबाहेर हाय."

ऑपरेशन एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनीच केलं. छकूला छातीखालपासून पायापर्यंत प्लॅस्टर घातलं, पाय फाकलेले. आजी तिला तशीच हातगाडीवर कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी बसवत. लोक भाव विचारायच्या आधी पोरीला काय झालं ते विचारत. आजी म्हणत, "डाक्टरला इचारा."

प्लॅस्टर निघालं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं. पण छकू चालेना. पाय वाळलेले, गुडघे कडक. उभी केली की किंचाळून खाली बसायची. डॉक्टरांनी आजींना आधीच सांगितलं होतं की वेळ लागेल. पण आधी सांगितलेलं आणि समोर दिसणारं यात फरक असतो. रोज बाजार आटोपला की आजी नातीला घेऊन येत, बाकावर बसत आणि डॉक्टर दिसले की एवढंच म्हणत, "चालती पोर दिली होती तुमाला."

दुसरं काही नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं.

डॉक्टर तिला रोज कोमट पाण्याच्या टबात बसवून पाय हलवायचे, सतरंजीवर तिच्यासमोर पालथे पडून तिला हसवायचा प्रयत्न करायचे. ती हसायची, पण उभी राहायची नाही. याच सुमारास दुसऱ्या एका मुलीच्या आईवडिलांनी बाकावरच्या छकूला बघितलं आणि स्वतःच्या मुलीचं ऑपरेशन रद्द करून निघून गेले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही. चपला बघायचंही ते विसरायला लागले. मी जेवणाचा डबा पुढे केला तर म्हणाले, "बाई, पुस्तकात लिहिलंय की वेळ लागतो. पुस्तकाला आजी नसते."

मी विचारलं, "तुम्हाला खात्री नाही का?"

"खात्री हाडाची आहे. पोरीची कशी देऊ? तिनं ठरवलं की चालायचं नाही, तर मी काय करणार? आणि समजा सांधा कडकच राहिला, तर त्या आजी म्हणतात तेच खरं."

एके दिवशी दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. छकू सतरंजीवर बसली होती. आजींना तहान लागली. त्या बाकावरून उठल्या आणि व्हरांड्याच्या टोकाला ठेवलेल्या माठाकडे निघाल्या. छकूला वाटलं असावं की आजी आपल्याला सोडून चालली. ती रडली नाही. भिंतीला हात लावून ती उभी राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं.

ती चालायला लागली. पाय लाकडासारखे, दूर दूर टाकलेले, एक हात भिंतीवर. डॉक्टर तिच्या पाठीमागे उभे होते आणि हलत नव्हते. मीही मागूनच बघत होते, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. आजी माठाशी वळल्या. हातातला पेला कलंडला आणि पाणी त्यांच्या पायावर सांडत राहिलं.

"आली गं," एवढंच त्या म्हणाल्या. "आली माझी बाय."

त्यानंतर छकू भराभर सुधारली. दिवाळीनंतर ती तपासणीला आली तेव्हा व्हरांड्यात पळत होती. डॉक्टरांनी तिला लांबपर्यंत चालवलं आणि आमच्या पद्धतीप्रमाणे मागून बघितलं. कंबर सरळ, खांदे सरळ, दोन्ही पैंजणं सारखी वाजत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बघा बाई, काय दिसतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"हेच तर," ते म्हणाले, आणि बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने हसले.

आजी बाकावर बसून नातीकडे बघत होत्या. आनंदात होत्या, त्यात शंका नाही. डॉक्टरांसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली लाल मिरचीची चटणी आणली होती. पण उठताना त्या थांबल्या आणि पदराने डोळे पुसले.

"काय झालं आजी?" डॉक्टरांनी विचारलं. "दुखतं म्हणते का कुठे?"

"नाय, नाय. लय बेस झालं. देवावानी केलं तुमी." त्या जरा लाजल्या. "पण माझी होडी गेली ओ डाक्टर. समद्या पोरींसारखीच चालती आता. बाजारात गर्दीत लांबून मला वळखू यायची, ही माझी म्हणून."

मला वाटलं, डॉक्टर आता काहीतरी चटकदार बोलतील. त्यांच्याकडे सगळ्यांसाठी उत्तर तयार असायचं. ते व्हरांड्यात पळणाऱ्या छकूकडे बघत राहिले.

"मलाही आवडायची हो ती चाल," ते म्हणाले, आणि आजींशेजारी बाकावर बसले.